रणगाड्यावरच्या कुरडया

काखेत एक्स-रेचं पाकीट असलं की एसटीत बसायला जागा मिळते. हा शोध माझा नाही, काकांचा. चित्राचा कागद दुमडू नये, घामानं ओला होऊ नये, म्हणून त्यांनी कुठल्याशा दवाखान्यातून ते मोठं तपकिरी पाकीट मागून आणलं होतं. पण ते घेऊन सकाळच्या गाडीत चढले की बसलेली माणसं आपोआप सरकायची. एखादी म्हातारी विचारायची, "काय झालंय रं बाबा?" काका टेकत टेकत म्हणायचे, "जुनं दुखणं हाय, मावशे." आणि मग खिडकीबाहेर बघत थेट नगरपर्यंत यायचे.

मी त्यांना एकदा चांगलंच झापलं. "काका, धडधाकट माणूस तुम्ही. खोटं बोलून लोकांची जागा बळकावता, काही वाटत नाही?"

"खोटं कुठं बोललो, मॅडम?" एवढंच म्हणाले आणि मिश्कील हसले. मला तो निव्वळ चावटपणा वाटला होता.

काका माझे कुणी लागत नव्हते. नगरच्या एका सरकारी कचेरीत ते टपाल बघायचे. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर जावकचा, आणि दोन्हींना नंबर द्यायचे. राहायला गावाकडेच, पारनेरच्या बाजूला, म्हाताऱ्या आईसोबत. लग्न केलं नव्हतं. रोज येऊन जाऊन. उंच, शिडशिडीत, एकाच राखाडी रंगाचे दोन सफारी. खिशाला शाईचा डाग कायम, आणि थंडीच्या दिवसांतही रस्त्याच्या सावलीच्या अंगानंच चालायचे. का, तर म्हणे सवय मोडली की उन्हाळ्यात त्रास होतो.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन मामाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. दिल्ली गेटजवळ सायकलच्या दुकानावर आमचा क्लास. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि मामानं मोठ्या तोऱ्यात इंटरनेट घेतलं होतं. फोनची तार एका डबीला जोडायची, डबी किंचाळायची, खरखरायची, गप्प व्हायची, आणि मामा ओरडायचा, "लागलं!" की मागच्या घरातून मामी नेमकी बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची आणि सगळं मुसळ केरात. मामाचा अर्धा जन्म "अगं, फोन ठेव!" ह्यातच गेला.

अशाच एका शनिवारी दुपारी काका पहिल्यांदा आले. चपला जिन्यातच काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"हितं इंटरनेट हाय का?"

"आहे. रिझल्ट बघायचाय का कुणाचा?"

"बघायचं न्हाई. टाकायचंय."

पाकिटातून कागद निघाला. नीट बघितलं तर तो कागदही धड कागद नव्हता. कचेरीत आलेली मोठाली पाकिटं चिकटवणीवर वाफ देऊन उघडायची, उलटी करायची, आणि आतल्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायचं, अशी त्यांची रीत. त्या बदामी कागदावर काळ्या शाईनं चार चौकटी आखल्या होत्या. चौकटीत माळरान होतं, एक लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली उभा होता एक रणगाडा. त्याच्या पाठीवर चार बायका कुरडया घालत होत्या.

मला हसू आवरेना. मामा खुर्चीवरून उठून आला.

काका मात्र गंभीर. म्हणाले, "हे परदेशात दिसंल का?"

"दिसेल की."

"कुठल्या देशात?"

"सगळ्याच."

"पण पत्ता लागंल ना? कुणाच्या नावानं धाडायचं?"

"तसं नसतं काका. आपण इथं चिकटवून ठेवायचं. ज्याला बघायचं तो येऊन बघतो. त्याला आपला पत्ता माहीत असला की झालं, आपल्याला त्याचा नसला तरी चालतो."

त्यांनी कागद उलटून मागचा जुना पत्ता वाचला. पंखा फिरत होता, खाली सायकलवाला हवा भरत होता. मग म्हणाले, "म्हंजी टपालाच्या उलटं." आणि लगेच, "टाका मग."

असा सुरू झाला 'आबा रणगाडा'.

आबा म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला रणगाडा. कॅम्पात त्याला रंग लावून, फुलझाडांच्या मधे उभा करून ठेवलेला. पण दुपारी पहाऱ्याच्या जवानाचा डोळा लागला की आबा हळूच बाहेर पडायचा आणि जिल्हा फिरायचा. नेवाशाला जाऊन प्रवरेत पाय सोडून बसायचा, आता रणगाड्याला पाय कुठले ते विचारू नका. उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभा राहायचा. कुणाच्या लग्नात वाजंत्री आले नाहीत तर आपली तोफ फुंकून सनई वाजवायचा. आणि गंमत अशी की कुणालाच त्याचं नवल नसायचं. बाया त्याच्यावर गोधड्या वाळत टाकायच्या, गडी त्याला वासरू बांधून चहाला जायचे. त्याच्या तोफेच्या तोंडात चिमणीनं घरटं केलं होतं, म्हणून आबा शिंकसुद्धा दाबून धरायचा. पाठीवर कायम एक पोरगं बसलेलं. अर्धी चड्डी, हत्तीसारखे कान.

"हे कोण?" मी विचारलं होतं.

"मी. लहानपणचा."

दर शनिवारी एक पान. कचेरी अर्धा दिवस असली तर दुपारी, नसली तर गावाहून मुद्दाम येऊन. स्कॅनरचं झाकण मी आपटलं तर कळवळायचे. पान इंटरनेटवर चढलं की खिशातलं पेन काढून मूळ कागदाच्या कोपऱ्यात जावक नंबर टाकायचे, आणि मग म्हणायचे, "दावा."

ते 'दावा' म्हणजे आमचा सगळ्यांचा आवडता भाग. तेव्हा चित्र एकदम यायचं नाही. वरून खाली, ओळीओळीनं उतरायचं. आधी नुसतं आभाळ यायचं. मग लिंबाचा शेंडा. मग बराच वेळ काही नाही. मामा चहा मागवायचा. मग पोराचे कान यायचे, मग आबाची पाठ, आणि दुपार सरत आली की चाकं. किती वेळा मामीनं फोन उचलल्यामुळे आबा चाकांशिवाय हवेतच राहिला. मी चिडायचे. काका म्हणायचे, "घाई कशाची, मॅडम? आबाला ब्रेक न्हाईत, म्हणून तर तो हळू चालतो." त्या आभाळाकडे बघत बसायचं त्यांना इतकं वेड की शिकायला आलेली पोरंसुद्धा टायपिंग सोडून त्यांच्या मागे उभी राहायची. त्या वेळात क्लासमध्ये अशी काही शांतता पसरायची की मला आपण नगरात आहोत की त्या चित्रातल्या माळावर, हेच उमगायचं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात जायची. प्रत्येक पानात एक तरी चूक. एसटीचं दार ड्रायव्हरच्या बाजूला. चावडीवरच्या घड्याळात आकडे उलटे. चित्र इतकं सुरेख आणि मधेच हे असं.

"काका, अहो, हे दार चुकलंय."

"असू द्या."

"लोक हसतील!"

"हसणाऱ्याला हसू द्या. सांगणाऱ्याला सांगू द्या."

लोक सांगायचेही. त्या पानाखाली पाहुण्यांना चार ओळी लिहायची सोय होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे सगळे. अमेरिकेतल्या एका बाईनं लिहिलं, कुरडया बघून माहेर आठवलं. कुणी लिहायचं, दार चुकलंय, कुणी लिहायचं, घड्याळ बघा. असं काही आलं की काका खुर्ची पुढे ओढायचे. "वाचा मॅडम. जसंच्या तसं वाचा. एक अक्षर सोडू नगा." मी वाचायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "हा तो न्हाई."

"कोण तो?"

"चला, गाडी जाईल माझी."

धम्मचक्र दिन झाला की काका वर्तमानपत्रात बांधून कुरडया आणायचे. आईच्या हातच्या. तळल्या की परातभर फुलायच्या. मामी तर त्यासाठी एक दिवस फोन न उचलायला तयार असायची. मी म्हटलं, "आईंना सांगा, दरवर्षी कशाला त्रास घेता आमच्यासाठी?" काका म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई करीत. दोन डबे करती ती. एक घरचा. दुसरा तसाच ऱ्हातो, मग वाटून टाकतो." दोनच माणसांच्या घरात दोन डबे कशाला, हे मी विचारलं नाही. कुरडया खाण्यात दंग होते.

एकदा मला आणि मामाला ते रणगाड्यांच्या संग्रहालयात घेऊन गेले. ऊन मी म्हणत होतं. देशोदेशीचे रणगाडे ओळीनं उभे. काका प्रत्येकापुढे थांबून निरखायचे आणि पुढे जायचे, मुलगी बघायला आल्यासारखे. शेवटी एका जुनाट धुडापाशी थबकले. त्याच्या पत्र्यावर तळहात टेकवून म्हणाले, "काय आबा, वळखलं का?"

पहाऱ्यावरचा जवान आला. "क्या बात है, चाचा?"

"हमारे गाव को आया था ये," काका म्हणाले. "बंद पड्या था."

मग परत येताना त्यांनी सांगितलं. ते लहान असताना सरावाला निघालेला एक रणगाडा त्यांच्या गावाजवळच्या माळावर बिघडला. दुरुस्तीचं सामान यायला बरेच दिवस लागले. तोवर तो लिंबाखाली उभा. राखायला ठेवलेला जवान दूरदेशीचा, भाषा कळायची नाही, पण पोरांना वर चढू द्यायचा. "आमी दिवसभर वरच बसायचो. आईनं तर एक दिवस पाटी उचलली आन् त्याच्यावर कुरडयाच घातल्या. पत्रा तापल्याला. दुपारपातुर खडखडीत!"

"आणि जवान?"

"त्यानं राखण केली की कुरडयांची. बंदूक घिऊन."

आम्ही रस्त्यातच पोट धरून हसलो.

आता मामाबद्दल सांगायला हवं. माणूस लाखातला, पण उंटावरचा शहाणा. त्यानं चित्रं दुरुस्त करायचं कसलंसं सॉफ्टवेअर आणलं होतं आणि हात शिवशिवत होते. त्या शनिवारी काकांनी दिलेल्या पानात एका बैलाला दोन शेपट्या होत्या. काका गाडी धरायला गेले आणि मामानं बसून एक शेपटी पुसली. इतकी सफाईनं, की तिथं शेपटी होती हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. "बघ तायडे," मला म्हणाला, "ह्याला म्हणतात कला."

पुढच्या शनिवारी काकांनी जुनं पान बघायला मागितलं. आभाळ आलं, लिंब आला, बैल आला. काका वाकले.

"शेपटी कुठं गेली?"

"मी उडवली!" मामा छाती फुगवून म्हणाला. "दोन होत्या ना."

काका उठले, बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. चपला न घालता. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी पेला तसाच पायरीवर ठेवला. आठवडाभर ते पान असंच होतं, असं पुटपुटले. "ह्या आठवड्यात बघितलं असंल त्यानं तर? चूकच न्हाई म्हटल्यावर तो काय बोलंल?"

"कोण, काका? आता तरी सांगा."

त्यांनी सांगितलं. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसून ऐकलं.

"आमी दोघं भाऊ, मॅडम. मी थोरला. मी चित्र काढायचो, तो चूक काढायचा. डोळा असा की काही सुटायचं न्हाई. पण चुकलं म्हणायचा न्हाई कधी. नुस्तं म्हणायचा, 'दादा, खोडरबर घे.' मग मलाच नाद लागला. मुद्दाम एक चूक ठिवायची आन् त्याच्याम्होरं कागद टाकायचा. दिवस दिवस धुंडत बसायचा. घावली की नाचायचा."

मग ते मोठे झाले. गावच्या समाजमंदिराच्या भिंतीवर काकांनी बुद्धाचं चित्र काढलं. चांगलं पुरुषभर उंचीचं. बुद्धपौर्णिमेच्या दिवशी पडदा बाजूला केला. तालुक्याहून माणसं आली होती. सगळे हात जोडून गप्प उभे. काका सांगत होते, "माझ्या जिंदगीतला मोठा दिवस हुता तो. आन् हे पोरगं फुडं झालं. सगळ्यांच्या म्होरं म्हणालं, 'दादा, खोडरबर घे. सहा बोटं झाल्यात.'"

"खरंच झाली होती?"

"झाली हुती ना! ती काय मुद्दाम न्हवती ठिवली. लोकं हसाय लागली. मला काय झालं कुणास ठाऊक. फुडं गेलो आन् त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं खेळच खेळला हुता वो. मीच शिकिवल्याला खेळ. गाल चोळला न्हाई त्यानं, नुस्ता माझ्याकडं बघत राह्यला. सकाळी अंथरूण रिकामं. आईच्या कुरडया वाळत हुत्या, त्यातल्या दोन अर्ध्या वल्ल्याच घिऊन गेला."

खूप वर्षांनी एक कार्ड आलं होतं. एका बाजूला समुद्राचं चित्र, दुसऱ्या बाजूला 'मी बरा आहे'. तिकीट परदेशचं, पत्ता नाही. आई त्याचं नाव काढत नव्हती. फक्त दर उन्हाळ्यात दुसरा डबा भरायची, आणि पौर्णिमेपासून धम्मचक्र दिनापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

"म्हणून तुमाला विचारलं हुतं," काका म्हणाले, "पत्ता लागतो का म्हणून. चूक बघितल्यावर त्याला ऱ्हावणार न्हाई. कुठंबी असू दे, बोलंलच."

मला रडू फुटलं. बाई गं, आणि मी ह्या माणसाला बसमधल्या जागेवरून झापलं होतं! आत येऊन बघते तर मामा कॉम्प्युटरसमोर घाम पुसत बसला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. बिचारा माउसनं ती शेपटी परत काढायला बघत होता आणि ती कधी दोरीसारखी, कधी दुधीभोपळ्यासारखी होत होती. काकांनी मागून बघितलं आणि तशातही हसले. "राहू द्या, सर. आता एकाच्या तीन चुका झाल्या."

त्यानंतर मीच त्यांच्या मागे लागले. "काका, ती भिंत काढा. दारं आणि शेपट्या खूप झाल्या. तुमची खरी चूक काढा."

"हात धजत न्हाई, मॅडम."

"तो तिकडं कुठं असेल, तुमच्या बैलाकडं बघून काय बोलेल? भिंत बघितली तर बोलेल."

ते आणखी काही शनिवार दुसरीच पानं आणत राहिले. आबा बाजारात, आबा टँकरमागे रांगेत. मी काही बोलायचे नाही, पण चेहऱ्यावर दाखवायचे. माझा चेहरा तसा लपवाछपवीतला नाही.

मग एकदा त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

ह्या वेळी चार चौकटी नव्हत्या. सगळ्या पानभर एकच चित्र. टळटळीत दुपार, गाव झोपलेलं, कुत्रंसुद्धा नाही. समाजमंदिरासमोर आबा उभा. भिंतीवर बुद्ध, वर केलेला हात, हाताला सहा बोटं. आबाच्या पाठीवर ते मोठ्या कानांचं पोरगं उभं होतं. त्यानं हात पुढे केला होता आणि तळव्यावर खोडरबर होतं. समोर घ्यायला कुणी नव्हतं. शब्द एकही नाही.

"ह्यात चूक कुठली ठेवली?" मी उगाच विचारलं.

"सहावं बोट."

"ते तर कुणालाही दिसेल."

"दिसू द्या. तवाबी समद्यांनीच बघितलं हुतं."

पान चढलं. अमेरिकेतल्या बाईनं लिहिलं, आज रडवलंत. कुणी लिहिलं, बोट जास्त आहे. मी जसंच्या तसं वाचलं. काका मान हलवायचे. शनिवार येत राहिले, जात राहिले. काका पुढचं पान आणेनात. रिकामं पाकीट घेऊन यायचे, त्याच एका पानाखाली काही आलंय का विचारायचे, आणि गाडी धरायचे. मला वाटायला लागलं, मी उगाच भरीस घातलं. दुखरी नस दाबली आणि हाती काहीच नाही.

ज्या शनिवारी ते आलं, त्या दिवशी काकांच्या आधी मीच बघितलं होतं. मी पोरांना सुट्टी देऊन टाकली. मामाला सांगितलं, मामीला फोनपासून लांब ठेव, काय वाट्टेल ते कर. काका आले, चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि दारातच थांबले. म्हटलं ना, माझा चेहरा लपवाछपवीतला नाही.

"वाचा," ते म्हणाले. "जसंच्या तसं."

नाव नव्हतं, गाव नव्हतं. मी वाचलं, "दादा, खोडरबर घे. बोटं सहाच राहू दे. रणगाड्यावर आपण दोघं होतो."

"पुन्यांदा."

मी पुन्हा वाचलं.

काका खाली बसले. क्लासमध्ये ठेवलेली जुनी सगळी पानं त्यांनी मागितली आणि फरशीवर पसरली. प्रवरेतला आबा, लग्नातला आबा, उसातला, बाजारातला. एकेका पानावर बोट ठेवत ते पुढे सरकत होते. प्रत्येक पाठीवर एकच पोरगं. मुद्दाम ठेवलेल्या सगळ्या चुका भावानं सोडून दिल्या होत्या, आणि काकांना स्वतःला कधीच न दिसलेली एक धरली होती. मलाही कुठं दिसली होती?

"समद्यात एकटाच बसलोय वो मी," काका म्हणाले. "त्याला घ्यायचाच राहिला." आणि मग ते पन्नाशीचे काका फरशीवर बसून हमसाहमशी रडले. मामा तोंड फिरवून उगाच स्कॅनर पुसत राहिला.

मी तो मजकूर छापून दिला. काकांनी डोळे पुसले, पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, आवक १.

"उत्तर काय पाठवायचं?" मी विचारलं. "इथंच खाली लिहिता येईल."

"लिहून कशाला? काढतो की."

पुढच्या शनिवारी नवं पान चढवलं आणि सगळे समोर बसलो. 'दावा' म्हणायचीही गरज नव्हती. आधी आभाळ आलं, रिकामं, लांबच लांब. मग लिंबाचा शेंडा. मामानं चहा मागवला नाही. मग दोन कान आले, मोठे. त्यांच्या शेजारी आणखी दोन कान आले, जरा लहान. दोन डोकी एकमेकांना टेकलेली. आणि नेमक्या त्याच क्षणी मामीनं फोन उचलला. चित्र तिथंच थांबलं. खाली ना रणगाडा, ना माळ.

"अगं, फोन!" मामा किंचाळला.

"राहू द्या सर," काका म्हणाले. "एवढं आलं, पुरे झालं." आणि कितीतरी वेळ ते त्या अर्ध्या चित्राकडे बघत बसले. मी मूळ कागद घेऊन त्यात चूक शोधली. खूप शोधली. सापडली नाही.

त्यानंतर उन्हाळा गेला, पाऊस गेला. काका पानं आणत होते, पण शनिवार चुकायला लागले होते. विचारलं तर म्हणायचे, घरी काम निघालं. धम्मचक्र दिन झाला आणि ते आले. काखेत एक्स-रेचं पाकीट, दुसरा हात मोकळा. मामी मागच्या दारातून कढई तापवायची की नाही म्हणून डोकावत होती.

"काका, कुरडया?" मी विचारलं.

"ह्या वर्षी न्हाईत, मॅडम."

"का हो? आई बऱ्या आहेत ना?"

"आई एकदम ठणठणीत. दुसरा डबा ज्याचा हुता त्यानं संपिवला." काका चपला काढत होते, वर बघत नव्हते, पण मला त्यांचं हसू दिसत होतं. "शेवटच्या चुऱ्यापातुर खाल्ल्या. आन् वर आईला म्हणतो कसा, मीठ जरा जास्त झालंय."